पडद्यावरचा देव आणि लंडनचे पाद्री

दादासाहेब फाळके लंडनला येऊन गेले होते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. १९१०-११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत गिरगावच्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांना मात्र मनोमन राम-कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीने इंग्लंड गाठले.

लंडनमध्ये ते 'बायस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना जाऊन भेटले. नवे निर्माते बहुधा बुडतात, शिवाय हिंदुस्थानचे हवामान या धंद्याला सोयीचे नाही, असे त्या गृहस्थांनी आधी बजावले. पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर वॉल्टन-ऑन-थेम्सच्या सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. (हेपवर्थच्या स्टुडिओच्या वीजघरात आज 'वॉल्टन प्लेहाऊस' हे नाट्यगृह आहे. त्या बाजूला राहणाऱ्यांनी एकदा अवश्य पाहावे.) स्टुडिओचे कामकाज पाहून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन १ एप्रिलला फाळके मुंबईत परतलेसुद्धा!

खरी गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये 'फ्रॉम द मँजर टू द क्रॉस' हा नवा ख्रिस्तपट मुद्दाम पाद्र्यांना बोलावून दाखवण्यात आला. पॅलेस्टाईन आणि इजिप्तमध्ये जाऊन चित्रित केलेला, रॉबर्ट हेंडरसन-ब्लँड या इंग्रज नटाने येशू साकारलेला. बऱ्याच धर्मगुरूंना तो आवडला, पण काही वर्तमानपत्रांनी गहजब केला. पगारी नटाने प्रभूचे सोंग घ्यावे आणि लोकांनी तिकीट काढून ते बघावे, यात पावित्र्य कुठे राहिले, हा आक्षेपाचा गाभा. १ जानेवारी १९१३ पासून ब्रिटिश सेन्सॉर बोर्डाचे काम सुरू झाले तेव्हा त्याचे पक्के नियम दोनच होते : नग्नता नको आणि जिवंत माणसाने साकारलेला येशू नको. म्हणजे ज्या तऱ्हेच्या चित्रपटाने फाळक्यांना लंडनला धाडले, तोच वर्षभरात लंडनमध्ये नियमबाह्य ठरला!

मला हा नियम निव्वळ कर्मठपणाचा वाटत नाही. आपल्या मुलांच्या शाळेतले नाताळचे नाटक आठवा. मेरी, जोसेफ, मेंढ्या सगळी मुलेच होतात, पण बाळ येशू बहुधा बाहुलीच असते. कारण सोयीचेही असेल, पण मला दर वर्षी तो नियम आठवतो खरा.

आपल्याकडे देवाला पडद्यावर आणायला कुणाची हरकत नव्हती. लळीत, दशावतार पाहिलेल्या समाजाला देवाचे सोंग नवे थोडेच होते? आपली नीतिमत्ता अडली ती बाईपाशी. 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) तारामती मिळेना. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या हॉटेलातल्या आचाऱ्याने साडी नेसली. याच साळुंक्यांनी 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि प्रेक्षक हात जोडत होते! 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) तर फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण झाली. पाद्र्यांचा प्रश्न होता, 'देव कोण होणार?' आमचा प्रश्न होता, 'बाई कोण होणार?'

इथला नियम पुढे बरीच वर्षे टिकला. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या बिशपच्या अध्यक्षतेखालील आयोगाने सिनेमाच्या नैतिक परिणामांची चौकशी केली, तोवर बोर्डाच्या आक्षेपांची यादी दोनावरून त्रेचाळीसवर गेली होती. मात्र बोर्ड सरकारी नव्हते. अंतिम परवानगी स्थानिक कौन्सिलची. म्हणून डी मिलचा 'किंग ऑफ किंग्ज' (१९२७) बोर्डाच्या प्रमाणपत्राविनाही लंडन कौन्सिलच्या परवानगीने दाखवता आला. हीच पळवाट १९७९ मध्ये उलटी वापरली गेली : माँटी पायथनचा 'लाइफ ऑफ ब्रायन' बोर्डाने पास केला, पण कित्येक कौन्सिलांनी अडवला. वास्तविक ब्रायन येशू नव्हेच; शेजारच्या गोठ्यात जन्मलेला भलताच मुलगा.

हेच इंग्रज हिंदुस्थानात मात्र निराळ्या चष्म्यातून बघत. पडद्यावर राम-कृष्ण आले म्हणून त्यांचे काही बिघडत नव्हते. पौराणिक पात्राचा चेहरा कुणासारखा दिसतो, याची त्यांना धास्ती. 'भक्त विदुर'मधला (१९२१) विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून कराची आणि मद्रासमध्ये बंदी आली. 'प्रभात'ने संत एकनाथांवर शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट काढला. नाथ झाले होते साक्षात बालगंधर्व, विषय अस्पृश्यतेचा. नाव ठेवले होते 'महात्मा'. त्या एका शब्दाला सेन्सॉरने हरकत घेतली आणि १९३५ मध्ये तो पडद्यावर आला 'धर्मात्मा' होऊन.