ठिगळ आणि उष्टे

पर्यावरणाचा धडा शिकवताना वर्गात एक वाक्य हमखास येते: पूर्वीच्या घरात कचरा नव्हताच. मग राखेने भांडी घासणे, जुन्या लुगड्याची गोधडी, केळीच्या पानावरचे जेवण अशी उदाहरणे दिली जातात आणि आपण आजच्या प्लास्टिककडे वळतो. हे वाक्य चुकीचे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर महाड-पोलादपूरच्या इतिहासात थोडे डोकावायला हवे. याच मातीत काटकसरीच्या दोन अगदी वेगळ्या बाजू समोरासमोर आल्या आहेत.

महाड तालुक्यात सावित्री नदीच्या खाडीपट्ट्यात तुडील हे गाव आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर. पाऊस भरपूर, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत पडून जाणार आणि मुख्य पीक एकच, भात. त्यावर खोताचा वाटा. खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ साली. तोवर, आणि पुष्कळ ठिकाणी नंतरही, हातात रोख पैसा यायचा तो मुंबईत नोकरीला गेलेल्या माणसाच्या मनिऑर्डरीतून. अशा परिस्थितीत काटकसर हे कोणाचे व्रत नव्हते. पुढच्या पावसापर्यंत घर टिकवायचे तर दुसरा मार्गच नव्हता.

राखेपासून राबापर्यंत

या काटकसरीतले विज्ञान मात्र पाहण्यासारखे आहे. चुलीतल्या राखेपासून सुरुवात करू. लाकडाच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते आणि त्याबरोबर पोटॅशियम कार्बोनेट. यांतले दुसरे पाण्यात सहज विरघळते व पाणी अल्कधर्मी बनते. भांड्याला लागलेल्या तेलाशी या अल्काचा संयोग होऊन थोडासा साबण तयार होतो. म्हणजे राखेने भांडी घासणारी बाई भांड्यावरच साबण बनवत असे. भाताच्या तुसाची राख असेल तर काम आणखी सोपे. तूस हे भाताच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा असते आणि त्याच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. हे बारीक, खरखरीत कण काजळी खरवडून काढतात. घासायला नारळाचे सोडण. पैशाचा खर्च काही नाही.

तांदळाचे धुवण गुरांना, न्हाणीचे पाणी केळीला आणि अळवाला. फाटलेल्या लुगड्याच्या घड्या एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवल्या की गोधडी. कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते, म्हणून चार पातळ थर एका जाड थरापेक्षा अधिक ऊब देतात. गोधडी विरली की तिचे पोतेरे आणि पोतेऱ्याची चिंधी झाली की ती उकिरड्यावर. कापूस म्हणजे सेल्युलोज. मातीतले सूक्ष्मजीव ते काही महिन्यांत खाऊन टाकतात.

उकिरड्यानंतरचा मुक्काम शेत. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, भाताची रोपे तयार करण्याच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, कवळ, गवत असे थर पसरून ते जाळतात. हाच राब. इंग्रज सरकारने जंगले राखीव केल्यावर राबासाठी कवळ तोडण्यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठी तक्रार उठली व १८८५ साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. अधिकाऱ्यांना राब म्हणजे निव्वळ नासाडी वाटे. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी या पद्धतीचा रासायनिक अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला. राबाच्या उष्णतेने वरच्या थरातील तणांचे बी मरते, मातीतील सूक्ष्मजीवांचा समतोल बदलतो, रोपांना नत्र सहज मिळते आणि राखेतून पालाश व स्फुरद मिळतात. शेतकऱ्याला हे शब्द ठाऊक नव्हते, पण राब केलेल्या जागेतले रोप जोमदार येते हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते.

धान्य शेतातून घरात, घरातून गोठ्यात, उकिरड्यात आणि पुन्हा शेतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे वर्तुळ जवळजवळ पुरे होते. पूर्वी कचरा नव्हता हे वाक्य इथपर्यंत खरे आहे.

वर्तुळाबाहेर काय जात होते?

आता उरलेले अर्धे. घरातल्या काही वस्तू या वर्तुळात बसत नव्हत्या. पंगतीनंतरचे उष्टे, मेलेले ढोर, अंगावरून उतरलेली वस्त्रे. या वस्तू नाहीशा होत होत्या हे खरे, पण कुठे? त्या गावकुसाबाहेर जात होत्या. मेलेले ढोर ओढून नेणे हे महारांचे वतनी काम ठरलेले होते, आणि गावकामाचा मोबदला म्हणून घरोघर भाकरी मागण्याची वेळ त्यांच्यावर आणलेली होती. भुकेपोटी मृत जनावराचे मांस खावे लागत होते. वस्तुमानाचा नुसता ताळा मांडला तर ही व्यवस्था अगदी चोख वाटेल: काहीही वाया गेले नाही! ज्या ताळ्यात माणसाचा अपमान कोणत्याच रकान्यात येत नाही, तो ताळा अपुरा आहे.

हे उघडपणे सांगितले गेले ते महाडलाच. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या जुळवाजुळवीत जवळच्याच दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, हा इतिहास आपण शिकवतो. अध्यक्षीय भाषणाचा एक भाग मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. मृत मांस सोडा, टाकलेले उष्टे खाणार नाही असा निर्धार करा, स्वावलंबन आणि स्वाभिमान धरा, असे डॉ. आंबेडकरांनी त्या भाषणात सांगितले. शेतीकडे वळा, त्यासाठी पडीक वनजमिनी मिळवा, हाही त्यांचा आग्रह होता.

हे सांगणे सोपे होते, पाळणे सोपे नव्हते. ज्या घरात संध्याकाळची भाकरी नक्की नाही, त्या घराला फुकटचे अन्न नाकारायला सांगायचे! नेहमीच्या हिशेबाने हा तोट्याचा सौदा होता.

पण त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी जे सांगितले ते या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. लुगड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ मात्र हवे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. लुगडे कसे नेसावे आणि दागिना कोणत्या धातूचा घालावा हे दुसऱ्या कोणी ठरवू नये, हेही त्यांनी सांगितले.

दोन्ही भाषणे शेजारी ठेवून पाहू. ठिगळही काटकसरच, उष्टे खाणेही एका अर्थी अन्नाची नासाडी टाळणेच. मग एक चालते आणि दुसरे का नाही? ठिगळ माणूस आपल्या वस्तूला आपल्या हाताने लावतो. उष्टे म्हणजे दुसऱ्याने आपली नको असलेली वस्तू त्याच्यावर सोपवणे. पहिल्यात स्वावलंबन आहे, दुसऱ्यात जन्मावरून लादलेला दर्जा. हा दर्जा ज्या वतनाने बांधून ठेवला होता ते रद्द करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले.

आजची पिशवी

आज घरातल्या वस्तू बदलल्या आहेत. पोतेऱ्याची जागा पॉलिएस्टरने घेतली, पुड्याच्या कागदाची जागा प्लास्टिकने. चूल आणि उकिरडा हे जुन्या वर्तुळातले शेवटचे दोन मुक्काम फक्त वनस्पतिजन्य पदार्थांसाठी चांगले होते. प्लास्टिक उकिरड्यात कुजत नाही आणि चुलीत घातले तर घरात विषारी धूर होतो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो आणि डायॉक्सिनही तयार होऊ शकतात. ती राख भांड्याला लावणे धोक्याचे आणि शेतात टाकणेही धोक्याचे. म्हणजे आजीची रीत तशीच्या तशी चालवून भागणार नाही.

पण दुसरा प्रश्न जुनाच आहे: आपण टाकलेल्या वस्तूला पुढे कोणाचा हात लागतो? भाजीची देठे, मुलाचे लंगोट, फुटलेली काच आणि कागद एकाच पिशवीत बांधून दिले की ते कोणीतरी हाताने निवडते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. घरातच ओला व सुका कचरा वेगळा करा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला तो उघडावा लागणार नाही, असे या स्त्रियांनी नागरिकांना सांगितले. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी घरावर टाकली. १९२७ साली महाडला निघालेलाच मुद्दा इथे पुन्हा दिसतो: आपले उष्टे दुसऱ्यावर सोपवू नका.

वर्गात करून पाहा

चुलीतली लाकडाची राख पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरचे निवळ पाणी वेगळे काढा. कागदाला हळदीचा लेप लावून वाळवा व त्यावर या पाण्याचा थेंब टाका. पिवळा कागद तांबूस झाला तर पाणी अल्कधर्मी आहे. (हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये.)

दुसरा प्रयोग वहीतला. आठवडाभर घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची. रकाने चार: वस्तू, ती कशाची बनली आहे, ती कुठे जाते आणि तिला कोणाचा हात लागतो. पहिले तीन रकाने मुले भराभर भरतील. चौथा भरण्यासाठी त्यांना घरात आणि गावात चार माणसांना विचारावे लागेल. आपल्या घराची काटकसर खरी की उधारीची, हे त्या चौथ्या रकान्यावरून कळते.