ब्राउझरची अ‍ॅसिड टेस्ट

वेबपानावर १०० पिक्सेल रुंदीची चौकट आखायची. आत डावी-उजवीकडे १०-१० पिक्सेल मोकळे, कड ५-५ची. एकूण रुंदी किती? पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या सीएसएसच्या नियमांनुसार १३०, कारण १०० हा नुसत्या मजकुराचा आकडा. नव्वदीतला इंटरनेट एक्स्प्लोरर मात्र सगळं त्या १००मध्येच कोंबायचा. मग एका ब्राउझरमध्ये नीट बसवलेलं पान दुसऱ्यात विस्कटायचं, आणि पान बनवणारा दोन्ही उघडून कपाळाला हात लावायचा.

१९९८मध्ये टॉड फार्नर यांनी अशा चौकटींचंच एक पान रचलं आणि ते कसं दिसायला हवं याचं चित्रही सोबत दिलं. पिक्सेलला पिक्सेल जुळला तर पास. सराफ आम्ल लावून सोनं पारखतात, त्यावरून नाव पडलं अ‍ॅसिड टेस्ट. मॅकवरच्या एक्स्प्लोरर ५च्या मंडळींना तर ती इतकी आवडली, की अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:टास्मन’ टाइप केलं की हेच पान उघडायचं, मजकुराच्या जागी त्यांची नावं घेऊन!

दुसरी टेस्ट एप्रिल २००५ची, आणि खरी खोडी तिच्यात आहे. इयान हिक्सन आणि सीएसएसचे जनक होकोन वियुम ली यांनी पिवळा हसरा चेहरा काढायला दिला. नाकावर माउस नेला की ते निळं झालं पाहिजे. त्यातला काही कोड मुद्दाम चुकीचा होता. चुकीच्या ओळी ब्राउझरने कशा सोडून द्यायच्या, हेही नियमांत लिहिलेलं असतं ना! तेव्हा एकही ब्राउझर पास झाला नाही. एक्स्प्लोरर ६मध्ये चेहऱ्याऐवजी लाल राडा दिसायचा. सफारीच्या डेव्ह हायट यांनी दोन आठवड्यांत गड सर केला. मायक्रोसॉफ्टने चेहरा जमल्याचं जाहीर केलं, तोवर डिसेंबर २००७ उजाडला होता.

२००८च्या तिसऱ्या टेस्टमध्ये १००पैकी गुण मिळू लागले आणि शर्यतच लागली. ऑपेरा आणि वेबकिट (सफारीचं इंजिन) यांनी एकाच दिवशी शंभराची घोषणा केली. मला हे गुणांचं वेड फारसं रुचत नाही. परीक्षेपुरता अभ्यास तिथूनच सुरू होतो. पुढे नियम बदलले, आणि आजच्या क्रोमला त्याच टेस्टमध्ये पूर्ण शंभर मिळत नाहीत.

आता कोणत्या गोष्टी तपासायच्या, हे २०२२पासून अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला ‘इंटरॉप’ उपक्रमात दरवर्षी मिळून ठरवतात. पेपर काढणारे तेच, देणारेही तेच. निकाल तेवढा सगळ्यांसमोर लागतो.