मुनवा कोणाच्या बागेतला?

परवा बागेत पुतण्यानं विचारलं, "काका, यातला कोणता मुनवा ठेवायचा?" पोरगा शेतीची पदवी घेतोय. हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात दहा वर्षांच्या पोराला हे कळायचं.

आमच्या आजोबांची पद्धत सांगतो. ज्या झाडाचा घड भरदार, पानं निरोगी, त्याच झाडाचा मुनवा. पान तलवारीसारखं अरुंद, बुंधा खाली जाड आणि वर निमुळता असेल तो घ्यायचा. लहानपणीच रुंद पानं फुटलेला दिसला की कापून टाकायचा. कारण साधं आहे. तलवारीच्या पानाचा मुनवा आईच्या कंदाला खोलवर घट्ट धरून असतो, आईचंच खातो, म्हणून त्याचा कंद भरतो. रुंद पानाचा वरवर चिकटलेला असतो, लवकर आपलं आपण जगायला बघतो आणि कंद मात्र पोसत नाही. दिसायला तोच देखणा, म्हणून नवखा माणूस फसतो. निवडलेला मुनवा तीन-चार महिन्यांचा झाला की कुदळीनं कंदासकट काढायचा, मुळ्या छाटायच्या, कंद कापून लाल-काळे डाग बघायचे. डाग दिसला की बांधाबाहेर. मग मृगबाग किंवा कांदेबाग, जो हंगाम असेल त्यात लावायचा.

आणि एक गोष्ट ते हटकून विचारायचे. कंद विकत असो की पाहुण्यांनी फुकट दिलेले असोत, "बाग कोणाची?" नुसतं नाव सांगून भागायचं नाही. स्वतः जाऊन उभी बाग बघून यायचे.

हा प्रश्न किती मोठा आहे, ते मला केळीचा इतिहास वाचताना कळलं. आपल्या केळीत बी नाही. मुनव्यापासून झाड, झाडापासून मुनवा, म्हणजे एकच झाड पुढे पुढे चालत राहतं. आपली जुनी बसराई म्हणजे जगाच्या भाषेत ड्वार्फ कॅव्हेंडिश. हे कॅव्हेंडिश नाव इंग्लंडच्या एका सरदाराच्या घराण्याचं. त्यांच्या चॅट्सवर्थच्या काचघरात मॉरिशसहून आलेली केळ माळी जोसेफ पॅक्स्टननं वाढवली. 1835 च्या नोव्हेंबरात ती व्याली, पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात तिला पदक मिळालं. त्या झाडाची रोपं 1830 चं दशक संपता संपता जॉन विल्यम्स या मिशनऱ्याबरोबर जहाजानं थेट सामोआ बेटांवर गेली. पेटीत ठेवून अर्धी पृथ्वी ओलांडता येते, हाच मुनव्याचा गुण.

आणि हाच त्याचा धोका. पेटीत झाडाबरोबर रोगही बसतो.

1913 च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात पर्णगुच्छ रोग शिरला. तो फिजीहून आणलेल्या मुनव्यांबरोबर आला असं मानतात. दहा-बारा वर्षांत न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या सीमेवरच्या बागा ओस पडल्या, लोकांनी जमिनी सोडल्या. मॅगी नावाच्या संशोधकानं 1927 मध्ये दाखवून दिलं की रोग मावा पसरवतो आणि लांबच्या प्रवासाला मुनव्यात बसून जातो. त्यानंतर तिथल्या सरकारनं काय केलं, ते नीट वाचा. परवान्याशिवाय मुनवा हलवायला बंदी, बागेत तपासनीस, रोगट झाड उपटणं सक्तीचं. रोग काही संपला नाही, पण आवरला आणि केळी परत उभी राहिली. आपल्याकडे तोच रोग 1940 च्या सुमाराला श्रीलंकेतून केरळात आला. आपण त्याला तसा आवरू शकलो नाही.

आता आपल्या हरण्याकडे, म्हणजे सीएमव्हीकडे येतो. पानावर पिवळे पट्टे, मग पोंगा सडतो. त्याचीही वाट तीच, मावा आणि रोगट लागवड. काकडीवर्गीय पिकं, टोमॅटो, मिरची, बांधावरचं तण, सगळ्यांवर तो जगतो. गेल्या काही पावसाळ्यांत किती जणांनी रोपं उपटून बांधावर टाकली, हे वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

"आम्ही टिश्यूची रोपं लावतो, आमचा मुनव्याशी काय संबंध?" असं म्हणणारे भेटतात. अहो, टिश्यूचं रोप काय आभाळातून पडतं? तेही मुनव्याच्याच कोंबातून काढतात. फरक एवढाच की आजोबांच्या हातून चुकीचा मुनवा आला तर एक झाड जायचं. प्रयोगशाळेत आईझाड रोगट निघालं तर हजारो रोपं जातात. म्हणून तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे 2006 पासून टिश्यू रोपांच्या प्रमाणीकरणाची पद्धत आहे. त्यात व्हायरसची चाचणी येते, दाखला येतो. आपल्यातल्या किती जणांनी बिलाबरोबर तो दाखला मागितला?

मी मागितला नव्हता, हे कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून रोपं उचलली, भाव दोन रुपयांनी कमी म्हणून. दीड महिन्यात निम्मी उपटली. विचारायला गेलो तर "हवामान खराब होतं भाऊ" एवढंच उत्तर. हवामान खराब होतंच, ढगाळ होतं. पण शेजारच्या शेतात दुसरीकडची रोपं होती, त्यावरही तेच ढग होते. हातात कागद नाही, त्यामुळे भांडायचं कशाच्या जोरावर?

म्हणून या कांदेबागेच्या आधी गावागावांतून एवढंच मागू या. दाखल्याशिवाय रोप विकायला बंदी घाला, आणि पान तपासायची सोय तालुक्याला करा. अनुदानाच्या मागण्या आपण दरवर्षी करतो, ही एकदा करून बघू. आणि ज्यांच्याकडे अजून कंदाची लागवड आहे त्यांनी पाहुण्यारावळ्यांना देतानासुद्धा आधी बाग दाखवावी. त्यात कसला आलाय अपमान?

पुतण्याला मी मुनवा दाखवला नाही. आधी घड दाखवला, मग पानं उलटी करून मावा बघायला लावला, आणि म्हटलं, आता तूच सांग. त्यानं रुंद पानाचा देखणा मुनवाच निवडला. उद्या परत नेणार आहे.