शस्त्र दाराबाहेर ठेवा

मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरून ठेवावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, अशी हजरत पैगंबरांची (स.) शिकवण हदीसमध्ये आली आहे. बाण बाळगण्यास मनाई नव्हती. पण जेथे चार माणसे जमतात तेथे शस्त्रधाऱ्यावर जबाबदारी येते, हे तत्त्व त्यात आहे. इतर देशांच्या कायद्यांतही हाच विचार कसा आला, ते आपण पाहू.

इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळी, १३२८ मध्ये, नॉर्थॅम्प्टनचा कायदा झाला. जत्रेत, बाजारात आणि न्यायाधीशांसमोर सशस्त्र जाण्यास त्याने बंदी केली.

अमेरिकेचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेतच आहे. तरीही केंटकी राज्याने १८१३ मध्ये शस्त्र लपवून नेण्यास बंदी घातली. उघड शस्त्र पाहून माणूस सावध तरी होतो. कोटाखालचे शस्त्र दगा देते, अशी त्या काळची भावना होती. ही बंदी तेथील न्यायालयाने १८२२ मध्ये रद्द केली, तेव्हा १८५० मध्ये राज्याने आपली घटनाच बदलून घेतली. टेक्सासने १८७० मध्ये प्रार्थनास्थळे, शाळा आणि मतदानाच्या जागा येथे शस्त्र नेणे गुन्हा ठरविले.

पुढे १९९० मध्ये शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. १९९२ मध्ये सॅन अँटोनियो शहरात बारावीचा एक विद्यार्थी पिस्तूल व पाच गोळ्या लपवून शाळेत आला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द झाला. शाळेत बंदूक चालेल, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. प्रश्न केंद्राच्या अधिकाराचा होता. १९९६ मध्ये सुधारणा करून तो कायदा पुन्हा आणला गेला.

२०२२ मध्ये त्याच न्यायालयाने न्यूयॉर्कच्या परवाना पद्धतीतील खास कारण दाखविण्याची अट घटनाबाह्य ठरविली. निम्म्याहून अधिक राज्यांत आज परवान्याशिवायही लपवून शस्त्र नेता येते. पण शाळा, न्यायालय, विधिमंडळ, मतदान केंद्र अशा नाजूक जागी बंदी घालता येते, हे २०२२ च्या निकालातही मान्य केले आहे. हक्क कितीही वाढला तरी काही उंबरठे त्याला ओलांडता आले नाहीत.

आपल्या देशाच्या घटनेने सभा भरविण्याचा हक्क दिला, तोही शांततेने आणि निःशस्त्र. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली १९६२ मध्ये झालेल्या नियमांत परवानाधारकाला अट होती, की खास परवानगीवाचून जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत वा शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्या जागांत एक साम्य आहे. तेथे वाद होतात आणि ते शब्दांनी मिटवायचे असतात. ज्याच्या खिशात शस्त्र आहे त्याच्याशी दुसरा मोकळेपणाने बोलू शकत नाही. शाळेत तर चुकीचे उत्तर देण्याचीही मोकळीक हवी.

पालकांनो, कायदा फाटकापर्यंत पोहोचतो. मुलाच्या मनात दडलेले भय, राग किंवा सूडाची भावना त्याला दिसत नाही. ते ओळखण्याचे काम घराचे आणि आम्हा शिक्षकांचे आहे. मुलाचे दप्तर तपासण्यापूर्वी रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकून घ्या, एवढीच विनंती.