कुलवृत्तांतांतील रिकामी जागा

सावनेर म्हटलें म्हणजे मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात. २३ जानेवारी १९१९ रोजीं, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षीं, त्यांचा तेथें अंत झाला. पण तें दुखणें निदान डोळ्यांना दिसणारें होतें. दुसरा एक अकालमृत्यु अशी वर्दी देत नाहीं. धडधाकट तरुण शेतांत किंवा खेळतांना कोसळतो. घरचीं माणसें ‘आयुष्याची दोरीच तेवढी’ म्हणून कपाळाला हात लावतात, आणि कारण चितेबरोबर जळून जातें.

अशा मृत्यूंच्या एका कारणाचा छडा शवागारांत लागला. लंडनचे शवपरीक्षक डोनाल्ड टीअर यांनीं १९५८ सालीं आठ तरुण रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयाचा मधला पडदा विलक्षण जाड, स्नायुतंतूंची वीण विस्कटलेली. आठांपैकीं सात जण एकाएकीं गेलेले! दोनच वर्षांनीं टीअर व त्यांचे सहकारी यांनीं एका कुटुंबांतच हा रोग दाखवून दिला. आई किंवा बाप यांपैकीं एकाकडे जनुकदोष असल्यास तो प्रत्येक अपत्याकडे उतरण्याचा संभव निम्मा असतो.

आपल्याशीं याचा संबंध काय, असें कोणी विचारील. हैदराबादचे कुमारसामी थंगराज प्रभृति संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें कीं, हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकांतील २५ अक्षरें गळाल्याचा दोष दक्षिण आशियांतील शंभरांपैकीं सुमारें चौघांत आढळतो. आंकडा वाचून घाबरूं नये. दोष असलेल्या पुष्कळांना तरुणपणीं कांहींच होत नाहीं.

उपायही आहे. आपल्या गुरूच्या आकस्मिक मृत्यूनें व्यथित झालेल्या मिशेल मिरोवस्की यांचें, बिघडलेली हृदयगति विजेच्या धक्क्यानें ताळ्यावर आणणारें यंत्र, ४ फेब्रुवारी १९८० रोजीं बाल्टिमोर येथें प्रथम मनुष्यदेहांत बसविण्यांत आलें. परंतु तें बसवावयाचें कोणाला? पडद्याची जाडी, श्रम करतांना आलेली मूर्च्छा, आणि घराण्यांतील आकस्मिक मृत्यु, हें सारें पाहून वैद्य ठरवितात. रुग्णाच्या आईबापांची, भावंडांची व मुलांची हृदयपरीक्षा त्याचसाठीं करावयाची.

आणि येथेंच आमचे कुलवृत्तांत मुके होतात. कोणी कोठें नोकरी केली, कोणाची मुलगी कोठें दिली, हें त्यांत बारकाईनें असतें. मनुष्य कसा गेला याची मात्र बहुधा नोंदच नसते. सावनेरचें एखादें कुटुंब नागपुरास हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलें, तर प्रश्न येतोच: “घरांत कोणी पन्नाशीच्या आंत अचानक गेलें काय?” मुलगा बापाकडे पाहतो. बापाला आठवत नाहीं. आठवतें तें गांवीं राहिलेल्या म्हाताऱ्या आत्याला.