पासष्ट हजार पत्ते आणि तीन संगणक

शहापूर तालुक्याला मुंबईच्या पाण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून नळाने मुंबईला जाते. पुढे भातसा धरणाचीही त्यात भर पडली. मुंबईकराने नळ सोडला की पाणी येते. तलाव कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसले तरी चालते. तालुक्यातील कित्येक पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो.

संगणकाच्या क्षेत्रात ‘क्लाऊड’ म्हणजे अशीच नळयोजना होय. माहिती साठवण्याचे आणि गणिते करण्याचे काम दूरच्या यंत्रांवर होते आणि आपल्याला फक्त उत्तर मिळते. सोय मोठी आहे, पण त्या यंत्रांच्या आत काय चालते हे आसनगावच्या विद्यार्थ्याला कधीच पाहता येत नाही. त्यासाठी परसातली विहीर हवी. थोडक्या संगणकांवर, आपल्याच इमारतीत उभारलेल्या अशा व्यवस्थेला ‘खासगी क्लाऊड’ म्हणतात. ती शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी उभारायची असेल तर तीन साधे संगणक पुरतात. मात्र त्यांचे जाळे नीट आखावे लागते. हे आखण्याचे शास्त्र कसे घडले, हे पाहिले म्हणजे प्रत्यक्ष काम सोपे होते.

जुहूहून पवईला

भारतातील शैक्षणिक संगणक-जाळ्याचा आरंभही एका छोट्या चाचणीनेच झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात आठ भागीदार होते : तेव्हाच्या पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील जुहू येथील एन.सी.एस.टी. ही संस्था आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. एन.सी.एस.टी.चे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचा या कामात मोठा वाटा होता.

१९८६-८७ च्या सुमारास एन.सी.एस.टी. आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्ये साध्या दूरध्वनीवरून ई-पत्रे जाऊ लागली. एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे हवाली करी आणि फोन ठेवून देई. डाकेची थैली पोचवावी तसाच हा प्रकार होता. १९९१ च्या सुरुवातीला दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये कायमची तार मिळाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका होता. आजच्या मोबाइलने काढलेले ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या तारेवरून पाठवायला सुमारे ४२ मिनिटे लागली असती. हा हिशेब विद्यार्थ्यांना वर्गात करता येईल.

त्याआधी १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा गट मिळाला. इंटरनेटवरील पत्ता म्हणजे ० ते २५५ मधील चार संख्या. त्यांपैकी पहिल्या दोन ठरलेल्या असल्या की उरलेल्या दोन २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ प्रकारे लिहिता येतात. एवढ्या पत्त्यांवर देशाच्या शैक्षणिक जाळ्याची उभारणी सुरू झाली.

पत्त्यांची टंचाई

चार संख्यांचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात. हा आकडा मोठा वाटला तरी पुरणारा नव्हता, हे १९९० नंतर ध्यानात येऊ लागले. त्यावर एक तोड निघाली. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमानुसार पत्त्यांचे तीन गट घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही, कोणाला न विचारता, आपल्या आवारात वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर मात्र ते चालत नाहीत. दोन गावांत एकाच नावाची आळी असली तरी गोंधळ होत नाही, तसेच हे आहे.

आता १९२.१६८ च्या गटात पत्ते किती, हे मोजून पाहावे. पुन्हा २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६! १९९० मध्ये अर्नेटला जेवढे पत्ते मिळाले, नेमके तेवढेच आज कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत विनामूल्य उपलब्ध आहेत.

नावांची वही

पत्ते संगणकाला सोयीचे, माणसाला नावे सोयीची. अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या आद्य जाळ्यात सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत ठेवले जात. कॅलिफोर्नियातील एका केंद्रात एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ही यादी सांभाळली जाई आणि इतर सर्व तिची प्रत उतरवून घेत. जाळे वाढले तशी ही वही अपुरी पडली. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची कामे वाटून देणारी पद्धत सुचवली. भारताचे ‘डॉट इन’ हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले आणि अनेक वर्षे त्याची व्यवस्था एन.सी.एस.टी.कडेच होती.

ती जुनी वही मात्र नाहीशी झालेली नाही. प्रत्येक लिनक्स संगणकात आजही ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाईल असते. तीन संगणकांच्या जाळ्याला तेवढी वही पुरेशी आहे.

संगणकाच्या पोटात संगणक

एकाच यंत्राची अनेक ‘भासमान’ यंत्रे करण्याची युक्ती आय.बी.एम.च्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकातच वापरली होती. २००५-०६ पासून साध्या संगणकांच्या प्रोसेसरमध्येही तिची सोय आली आणि २००७ मध्ये लिनक्सने ती आपल्या गाभ्यात घेतली. २०१० मध्ये ‘नासा’ आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी ‘ओपनस्टॅक’ ही क्लाऊड उभारण्याची खुली प्रणाली सर्वांसाठी सुरू केली. त्यामुळे बड्या कंपन्यांची विद्या लहान प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली.

आधी कागद, मग तार

प्रत्यक्ष काम कागदावर सुरू करावे. तीन संगणकांना आपल्या परिसरातील नावे द्यावीत. फक्त ती रोमन लिपीत लिहावी लागतात. समजा, कारभार पाहणारा संगणक ‘माहुली’, पत्ता १९२.१६८.१०.११. भासमान यंत्रे सांभाळणारे दोन संगणक ‘तानसा’ आणि ‘भातसा’, पत्ते १९२.१६८.१०.२१ आणि १९२.१६८.१०.२२. मधले आकडे मुद्दाम मोकळे सोडावेत, म्हणजे पुढे भर घालता येते.

हे पत्ते कायमचे नेमून द्यावेत. ते आपोआप मिळण्यावर सोडले तर वीज जाऊन आल्यावर ‘तानसा’ला वेगळाच पत्ता मिळू शकतो आणि ‘माहुली’ त्याला जुन्याच दारात शोधत बसते. तिन्ही नावे तिन्ही संगणकांच्या वहीत लिहावीत. काही लिनक्स प्रणाली संगणकाचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ या पत्त्यापुढे आपणहून लिहून ठेवतात. ती ओळ काढावी. कारण तो पत्ता ‘मी स्वतः’ एवढेच सांगतो. १२७.०.०.१ ही ओळ मात्र तशीच ठेवावी.

जाळी दोन असावीत. एकावर कारभाराचे निरोप जातात, दुसऱ्यावर भासमान यंत्रांची ये-जा होते. म्हणून प्रत्येक संगणकात शक्यतो दोन नेटवर्क कार्डे घ्यावीत. दुसऱ्या कार्डाला पत्ता देत नाहीत. भासमान यंत्रांना बाहेर पडण्यासाठी ते केवळ दरवाजा असते.

एक बाब हमखास विसरली जाते, ती घड्याळाची. कल्याणहून निघालेली रेल्वे १८६० मध्ये आसनगावला पोचली. त्यानंतरच्या काळात रेल्वे मद्रासची वेळ पाळू लागली, आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. भारतीय प्रमाण वेळ १९०६ मध्ये आली. तीन संगणकांचेही तसेच आहे. ‘माहुली’ने दिलेला परवाना ठरावीक वेळच चालतो, ‘भातसा’चे घड्याळ पुढे असेल तर ते तो मुदत संपलेला समजून परत पाठवते. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली वेळ जुळवण्याची पद्धत येथे वापरतात. ‘माहुली’च्या घड्याळावरून इतरांनी आपली घड्याळे लावावीत.

शेवटी ‘पिंग’ या आज्ञेने प्रत्येक संगणकाने उरलेल्या दोघांना आधी पत्त्याने, मग नावाने हाक मारावी. पत्त्याला उत्तर आले आणि नावाला आले नाही, तर चूक वहीत आहे. दोन्हींना आले नाही, तर तार, कार्ड किंवा पत्ता तपासावा.

हे जाळे चालू झाले की शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. विद्यार्थ्यांना बाहेर पाठवून एक तार काढावी किंवा वहीतला एक आकडा बदलावा आणि दोष शोधायला सांगावे. दूरच्या क्लाऊडवर असे करता येत नाही. तेथे बिघाड झाला तर वाट पाहणे एवढेच आपल्या हाती असते. येथे यंत्र आपले, पत्ते आपले आणि मोडले तरी नुकसान आपल्या आवाराबाहेर जात नाही. जुहू आणि पवईच्या मंडळींनीही छोट्या जाळ्यावरच हात बसवला होता.