कंप्रता-प्रतिसाद : श्रवणयंत्र व मायक्रोफोन

एखादे ध्वनियंत्र कोणत्या कंप्रतेचा (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा) आवाज किती वाढवते आणि कोणता दाबते, हे दाखवणाऱ्या आलेखाला त्या यंत्राचा कंप्रता-प्रतिसाद म्हणतात. निरोगी तरुण कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. बोलणे समजायला यातला थोडाच पट्टा पुरतो. मात्र तो कुठे तोडला तर चालेल, याचा शोध शंभर वर्षांहून अधिक काळ सुरू आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेली ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या आलेखाच्या उजव्या टोकाशी, म्हणजे वरच्या कंप्रतांशी, येऊन थांबते.

बोलण्याची घडण : बोलण्याचा जोर स्वरांत असतो आणि अर्थभेद मुख्यतः व्यंजनांत. बोलण्यातली निम्म्याहून अधिक ऊर्जा 1,000 हर्ट्‌झच्या खाली असते. ‘पाट’, ‘पात’, ‘पाक’, ‘पाप’ या शब्दांतला ‘आ’ ठणठणीत ऐकू येतो. शब्द कोणता हे ठरवणारा शेवटचा क्षीण स्फोट मात्र काही सहस्रांश सेकंदांचा असतो आणि त्याची खूण बरीचशी वरच्या कंप्रतांत असते. वयोमानाने येणारा बहिरेपणा सहसा नेमका तिथूनच सुरू होतो.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. ‘चार’मधला तालव्य च आणि ‘चारा’मधला दंततालव्य च लिहिताना एकच असतात, पण दुसऱ्यातली सीत्कारासारखी फुसफुस अधिक वरच्या कंप्रतांत जाते. ती कापणारे यंत्र हा भेद पुसट करते. ट, ड, ळ या मूर्धन्य ध्वनींची ओळख त्यामानाने खालच्या, साधारण 1,500 ते 3,000 हर्ट्‌झच्या पट्ट्यात पटते, म्हणून साध्या यंत्रातूनही ते बऱ्यापैकी तरतात.

इतिहास : या शोधाचा पाया टेलिफोन कंपनीने घातला. तिच्या अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वी फ्लेचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरर्थक अक्षरगट गाळण्यांमधून (फिल्टरमधून) ऐकवून किती बरोबर ओळखले जातात ते मोजले. तिथल्याच फ्रेंच व स्टाइनबर्ग यांनी 1947 मध्ये हे काम एकत्र मांडले. त्यांचा एक निष्कर्ष आजही पाठ असावा असा आहे : सुमारे 1,900 हर्ट्‌झच्या वरचे सगळे काढून टाका किंवा खालचे सगळे काढून टाका, दोन्ही वेळा जवळपास सारखेच, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या आसपास अक्षरगट कळतात. ऊर्जा खाली एकवटलेली असूनही समजण्याचा मध्य इतका वर आहे. या कामातूनच पुढे वाक्-सुबोधता निर्देशांक प्रमाणित झाला.

टेलिफोनचा पट्टा 300 ते 3,400 हर्ट्‌झ असा रूढ झाला. वाक्य समजायला तो पुरतो, कारण संदर्भ मदत करतो. अनोळखी आडनाव किंवा औषधाचे नाव सांगताना मात्र ‘स’ की ‘फ’ असा घोळ होतो, तो या मर्यादेमुळेच.

श्रवणयंत्रे : कार्बन मायक्रोफोनच्या जुन्या यंत्रांचा आलेख अरुंद आणि खाचखळग्यांचा होता. खरा पालट इलेक्ट्रेट मायक्रोफोनने घडवला. गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत 1962 मध्ये तो विकसित केला. लहान, स्वस्त आणि जवळजवळ सपाट प्रतिसादाचा हा मायक्रोफोन आल्यावर अडचण मायक्रोफोनकडून रिसीव्हरकडे, म्हणजे कानात आवाज सोडणाऱ्या बारीक ध्वनिक्षेपकाकडे, आणि कानामागच्या यंत्रातल्या प्लॅस्टिकच्या नळीकडे सरकली. नळीत 1,000 हर्ट्‌झच्या आसपास उंचवटा येतो आणि वरचे टोक गळते. मीड किलियन यांनी 1979 च्या आपल्या प्रबंधात दाखवले की नळीचा आकार आणि तिच्यातले अवमंदक (उंचवटा दाबणारे भाग) नीट बेतले, तर श्रवणयंत्रही उच्च दर्जाचा आवाज देऊ शकते.

भारतात अनेक वर्षे सरकारी योजनांतून वाटले गेलेले यंत्र खिशातले, वायरवाले होते. त्याचा मायक्रोफोन छातीवर असतो. शरीर स्वतःच आलेख बदलते : खालच्या कंप्रता फुगतात, 1,000 हर्ट्‌झच्या वरच्या काही कंप्रता खचतात. त्यात पदराची किंवा सदऱ्याची खसखस मिसळते. ज्यांना व्यंजने हवी होती त्यांच्या कानात स्वर आणि कापड अधिक गेले, ही गोष्ट योजनांच्या हिशेबात दिसत नाही, पण नोंदवलीच पाहिजे.

आलेख कोणता निवडावा : दुसऱ्या महायुद्धानंतर हार्वर्डच्या अभ्यासाने आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने, दोघांनीही साधारण सारखाच निर्णय दिला : सपाट किंवा वर हलका चढत जाणारा एकच प्रतिसाद बहुतेकांना चालतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे 1948 चे ‘मेड्रेस्को’ यंत्र याच विचाराने बनले. पुढे प्रत्येकाच्या ऑडिओग्रामनुसार (कोणत्या कंप्रतेला किती ऐकू येते त्या नोंदीनुसार) आलेख बेतण्याची पद्धत रुजली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ध्वनिकी प्रयोगशाळेची 1986 ची व त्यानंतरची सूत्रे आणि मुलांसाठीचे कॅनडातले सूत्र आज मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. श्रवणयंत्र बसवण्याच्या पद्धतींना आधार ठरलेली, बारा भाषांच्या बोलण्याच्या सरासरी आलेखांची आंतरराष्ट्रीय तुलना 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. आलेख एकमेकांच्या बरेच जवळ निघाले. त्या बारा भाषांत मराठी नव्हती.

मुले : हा भाग सर्वांत महत्त्वाचा. पॅट्रिशिया स्टेल्माखोविच व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की पुरुषाच्या आवाजातला ‘स’ 4,000-5,000 हर्ट्‌झपर्यंतच्या पट्ट्यात पुरेसा ओळखू येतो; स्त्रीच्या आवाजातल्या ‘स’साठी मात्र 9,000 हर्ट्‌झपर्यंत पट्टा वाढवत गेल्यास फायदा होत राहतो. त्या काळच्या बहुतेक श्रवणयंत्रांचा उपयुक्त पल्ला 5,000-6,000 हर्ट्‌झच्या आसपास संपत असे. तान्ह्या मुलाभोवतीचे आवाज बहुधा आईचे, आजीचे आणि भावंडांचे असतात. प्रौढ माणूस न ऐकलेला ध्वनी वाक्यावरून भरून काढतो. मुलाकडे अजून ते वाक्यच नसते.

मतभेद : अंतःकर्णातल्या रोमपेशी पूर्ण नष्ट झालेल्या, ‘मृत’ पट्ट्यात आवाज वाढवून उपयोग आहे का, यावर एकमत नाही. केंब्रिजचे ब्रायन मूर यांनी असे पट्टे शोधण्याची चाचणी दिली. वरच्या कंप्रता खाली सरकवून ऐकवण्याच्या तंत्राचे निष्कर्षही व्यक्तीगणिक बदलतात.

मापन : मोकळ्या कानाची नळी 2,700 हर्ट्‌झच्या आसपास आवाज स्वतःच 15 डेसिबेलच्या सुमारास वाढवते. कानात मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) बसला की ही नैसर्गिक मदत जाते आणि ती यंत्राला भरून द्यावी लागते. म्हणून कंपनीच्या पत्रकातला, दोन घनसेंटिमीटरच्या कपलरवर (कानाऐवजी वापरायच्या मापन-पोकळीवर) काढलेला आलेख आणि रुग्णाच्या कानाच्या पडद्याजवळचा आलेख जुळत नाहीत. बारीक नळीचा मायक्रोफोन कानात घालून केलेले मापन हाच भरवशाचा मार्ग. वरच्या टोकाला शिट्टी वाजू लागली म्हणून तिथला आवाज कमी करून दिलेले यंत्र शांत होते, पण ज्यासाठी ते घेतले तेच हरवते.

टेलिकॉइल : टेलिफोनचे चुंबकीय संकेत थेट पकडणारी श्रवणयंत्रातली ही गुंडाळी. तिचा प्रतिसाद मायक्रोफोनपेक्षा वेगळा असतो व तो स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

यांत्रिक वाक्-अभिज्ञान : संगणकालाही मायक्रोफोन बदललेला सोसत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात अलेक्स असेरो यांनी 1990 च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत, तोंडाजवळच्या मायक्रोफोनवर शिकवलेल्या प्रणालीला टेबलावरच्या मायक्रोफोनचा आवाज दिला, तेव्हा अचूकता 85 टक्क्यांच्या आसपासून 20 टक्क्यांच्या खाली गेली. दोष प्रतिसादातल्या फरकाचा होता, तसाच खोलीतल्या गोंगाटाचाही. यावरचा एक जुना उपाय बिष्णू अटल यांच्या 1974 च्या लेखापर्यंत मागे जातो : आवाजाच्या लघुगणकी वर्णपटावरून काढलेल्या गुणांकांची सरासरी वजा करायची, म्हणजे यंत्राचा कायमचा ठसा पुष्कळसा निघून जातो. शेतमालाचे बाजारभाव फोनवर सांगणाऱ्या मराठी प्रणालीसाठी मुंबईतील संशोधकांनी शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरूनच गोळा केले, कारण प्रश्न त्याच अरुंद पट्ट्यातून येणार होते.